न बघितलेला गाजलेला सिनेमा: तुमचा कुठला?

तिसरी घंटा

मागच्या रविवारी मावसभावाच्या साखरपुड्याची जेवणं उरकून सगळे गच्चीवर बसलेलो, विषय निघाला सिनेमांचा. मी आपलं सहज बोलून गेले की 'नटसम्राट' मी बघितलेला नाही आणि बघणारही नाहीये. झालं! आत्याचा पान लावता लावता हात थांबला. "अगं, नानाचा?" हो, नानाचाच. २०१६ च्या एक जानेवारीला लागला तेव्हा अख्खं घर गेलं होतं, मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. कारण साधं आहे. आमच्या आजोबांनी जिवंतपणीच घर काकाच्या नावावर करून दिलं आणि पुढचं तुम्हाला नाटकामुळे पाठच आहे. शेवटची दीड वर्षं आजोबा आमच्या दोन खोल्यांत खिडकीपाशी, सगळं सामान एका रेक्झिनच्या बॅगेत. ती बॅग त्यांनी शेवटपर्यंत कपाटात रिकामी करू दिली नाही. लग्नाकार्यात कुणी त्या घर मागणाऱ्या स्वगताची मिमिक्री करायला लागलं की मी पाणी आणायला म्हणून उठते.

तर वाईट पिक्चर सगळेच टाळतात, त्यात काय. मला गाजलेल्या, बक्षिसं मिळालेल्या सिनेमांबद्दल ऐकायचंय, जे तुम्ही ठरवून बघितले नाहीत, अर्ध्यातून उठलात किंवा ज्यावरून घरात वाजलं. नुसतं 'बोअर आहे' लिहू नका प्लीज, काय झालं ते लिहा.

मधली वेलांटी

आमचा 'श्वास'. २००४ ला सुवर्णकमळ मिळालं, 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला, मग भारतातर्फे ऑस्करला गेला, तिकडच्या प्रचाराला पैसे कमी पडत होते म्हणून लोकांनी वर्गण्या काढल्या. आमच्या ऑफिसातही डबा फिरला, मी ५० रुपये टाकले. सिनेमा बघितला नाही.

त्याच्या तीन वर्षं आधीच्या दिवाळीत भाचीचा फोटो काढला होता, दोन वर्षांची होती, नवीन परकर पोलका. रोलवाला कॅमेरा, फ्लॅश मारून. धुऊन आला तर एका डोळ्यात नेहमीसारखा लाल ठिपका आणि दुसऱ्यात पांढरा, मांजराच्या डोळ्यात गाडीचा लाईट पडावा तसा. मी फोटोवाल्याकडे जाऊन भांडलो, प्रिंट बिघडवली म्हणून दुसरी फुकट काढून घेतली. दुसरीतही तेच. तरी आम्ही हसलोच, अल्बममध्ये लावला. मार्चमध्ये डॉक्टरांनी तो शब्द सांगितला, रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर. डोळा काढावा लागला. पोरगी वाचली, आता बँकेत आहे, मला गाडी चालवताना सूचना देते.

'श्वास'मधल्या पोरालाही तेच झालेलं, तर तो घरातल्या कुणीच बघायचा नाही असं न बोलता ठरलेलं. पण एक दिवस बाबांचा शर्ट धुवायला टाकताना आईला खिशात तिकिटाचा तुकडा सापडला. एकटेच मॅटिनीला जाऊन आले होते. आईने विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "त्या आजोबांनी ऑपरेशनच्या आधी नातवाला बाहेर फिरवून आणलं गं. आपल्याला सुचलंच नाही." आम्ही तिला आदल्या रात्री दूध मागत असताना उपाशी झोपवलं होतं.

भाचीने स्वतः गेल्या वर्षी पाहिला. फोन करून म्हणाली, मामा मस्त आहे, बघ तू. हो म्हणालोय.

पाणकोंबडा

कुत्रा मरणार असेल तर नाही. विषय संपला. 'डझ द डॉग डाय' नावाची वेबसाईटच आहे, आधी तिथे बघतो मगच लावतो. 'हाची' बद्दल मला कृपया कुणी सांगू नका, मित्रांनी आधीच पुरेसं सांगून ठेवलंय.

रीळ संपलं

सगळ्यांच्या भावना समजू शकतो पण थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. त्रास होईल म्हणून न बघणं म्हणजे चांगल्या सिनेमाने जे करायला पाहिजे तेच त्याला करू न देणं. मी फिल्म सोसायटीत वाढलोय, आमच्याकडे म्हणायचे की सिनेमा न बघता मत देऊ नये.

तिसरी घंटा

@रीळ संपलं, पण मी मत कुठे दिलं? सिनेमा उत्तमच असणार. उत्तम आहे म्हणूनच भीती वाटते ना. टुकार असता तर पॉपकॉर्न खात बघितला असता.

रोजनामा

मी सेशन कोर्टात २७ वर्षं नोकरी केली, आता रिटायर. मुलगी लॉ करत होती तेव्हा, म्हणजे एप्रिल २०१५, तिने हट्टाने 'कोर्ट'ला नेलं. राष्ट्रीय पुरस्कार, परदेशात कौतुक, बाबा तुम्हाला आवडेलच. म्हटलं चला. वीस मिनिटं झाली आणि माझा पाय आपोआप हलायला लागला, पुकारा व्हायच्या आधी हलायचा तसा. मागचे लोक जांभया देत होते की कॅमेरा हलत नाही, काही घडत नाही, आणि मला इकडे घाम. साक्षीदार चार वाक्यं बोलतो, जज स्टेनोला एक सांगतात, आणि रेकॉर्डला राहतं ते एक. हे मी आयुष्यभर बघितलं. त्या बाईने बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून तिची केस पुढे ढकलतात ना, तिथे थिएटरात हशा झाला. मला नाही आलं हसू, मी तशी एक तारीख स्वतः रोजनाम्यात लिहिली आहे. आणि सरकारी वकील बाई संध्याकाळी ट्रेनने जाऊन मुलाला घेतात, घरी स्वयंपाकाला लागतात, मग कुणाचा जामीन राहिला नि कोण आत राहिलं हे कुकरच्या शिट्टीत विसरून जातं माणूस. मी बाहेर येऊन बसलो. मुलीला वाटलं सिनेमा कळला नाही मला. अजून तसंच वाटतं तिला. राहू दे, वकिली करेल तेव्हा कळेल. पुन्हा बघणार का? पगार देणार असाल तर विचार करतो.

जात्याचा खुंटा

आमच्या आजीची गोष्ट. मी पुण्यात फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स करून आलो होतो आणि डोक्यात अशी काही हवा गेलेली की गावी (बीड जिल्हा) गेल्यावर लॅपटॉपवर आजीला 'पथेर पांचाली' लावून दिला. बंगाली हिला कळेना म्हणून मी शेजारी बसून सांगतोय. पण तिला सांगायची गरजच पडत नव्हती, फाटलेली चादर, भांड्याच्या तळाचे तांदूळ, सगळं ती माझ्या आधी ओळखत होती. ती म्हातारी आत्या परत येते, पाणी मागते आणि सून जागची उठत नाही, तिथे आजी म्हणाली, "बंद कर." मी म्हटलं, आजी याला १९५६ ला कान महोत्सवात बक्षीस आहे, उत्तम मानवी दस्तऐवज म्हणून. तर म्हणे, "दस्त तलाठ्याकडं आसत्यात. बंद कर."

मी चिडलोच. नर्गिसने १९८० मध्ये खासदार असताना या सिनेमाच्या दिग्दर्शकावर, सत्यजित रायवर आरोप केला होता की हे गरिबी परदेशात विकतात, मला वाटलं आमच्या आजीचंही तेच चाललंय, आणि मी तिला अर्धा तास लेक्चर दिलं. तिने ऐकून घेतलं. रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर आपणहून सांगायला लागली. ७२ चा दुष्काळ, ती नि आजोबा खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची, रेशनला ती अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, भाकरी थापली की चिरा पडायच्या. सासू घरी, म्हातारी, दिसत नव्हतं फारसं. "एकदा तिनं भाकर मागितली तर मी म्हन्ले न्हाई उरली. व्हती. पोरांसाठी फडक्यात बांधून उतरंडीत ठिवली व्हती. तिला वास आला आसंल की रं." एवढंच बोलली आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारते, ती मोठी पोर, पेरू चोरणारी, तिचं काय झालं पुढं? मी सांगितलं, लग्न झालं तिचं, चांगल्या घरी पडली.

रीळ संपलं

@जात्याचा खुंटा, दुर्गाचं? अहो तुम्ही चक्क खोटं सांगितलंत. पुढे ती मरते, वडील तिच्यासाठी साडी घेऊन परत येतात आणि आईच्या रडण्याचा आवाजच नाही, त्या जागी तारशहनाई वाजते, तो प्रसंग मी तीसेक वेळा तरी बघितला असेल. पण मीही तेच सांगितलं असतं बहुतेक.

शेवग्याची शेंग

छोटंसं. तोक्योत राहते. नवीन होते तेव्हा मुलासाठी कार्टून म्हणून 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' लावला, १९८८ चा, 'टोटोरो'बरोबर जोडीने लागला होता असं वाचलं म्हणून म्हटलं तसाच गोड असेल. पहिल्याच सीनला स्टेशनवर तो मुलगा मरतो. रिमोट सोफ्यात घुसलेला, सापडेना!! नंतर ऑफिसातल्या बाईंनी मुलाला नेमका त्या सिनेमातल्यासारखाच गोळ्यांचा पत्र्याचा डबा भेट दिला. गोळ्या खाल्ल्या, डब्यात बटणं ठेवलीत. हलवला की वाजतो म्हणून कपड्यांखाली दाबून ठेवलाय.

गावकुसाबाहेर

'फँड्री' एकदा बघितला, पुन्हा नाही. सिनेमाबद्दल तक्रार शून्य. डुकरं पकडतात त्या सीनला मल्टिप्लेक्समध्ये माझ्या दोन्ही बाजूचे हसत होते, पडद्यावर त्या पोराच्या वर्गातली पोरं पण हसत होती, त्यामुळे कोण आतलं नि कोण बाहेरचं कळेना. शेवटी जब्या दगड मारतो तो थेट आपल्या अंगावर. हसणाऱ्यांपैकी एकजण बाहेर पडताना म्हणाला, एंडिंग भारी होता यार. ऑफिसात अजून लोक मला सांगतात, तू तर बघायलाच पाहिजेस. 'तू तर' म्हणजे काय ते मी विचारत नाही, ते सांगत नाहीत.

दुसरी कडी

माझा 'सैराट'. आमचं लग्न २०११ चं, दोन्हीकडून विरोध, तिच्याकडून जरा जास्तच, खुलासा नको. २०१६ ला लागला तेव्हा जोडीने गेलो, कारण गाणी पाठ होती आणि शूटिंग करमाळ्याकडचं, तिचं आजोळ तिकडेच. झिंगाटला पोरं पडद्यासमोर जाऊन नाचत होती, आम्ही पण शिट्ट्या मारल्या. मग ते पाहुणे येतात, सामानसुमान घेऊन, आर्ची चहा टाकते. बायकोने माझं मनगट धरलं ते पार शेवटपर्यंत, आणि शेवटी तर आवाजच नाही, नुसती त्या बाळाची पावलं. रिक्षात कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतार बोलावून दाराला आतून दुसरी कडी आणि ते बाहेर बघायचं काचेचं भोक बसवून घेतलं. सुतार म्हणाला, चोऱ्या वाढल्यात का साहेब.

तेव्हापासून टीव्हीवर लागला की आम्ही चॅनल बदलतो, मुलीला वाटतं आम्हाला गाणी आवडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी बेल वाजली. बायको भोकातून बघून तशीच माझ्याकडे वळली, काही बोलेना. मी बघितलं तर सासरे. एकटेच, घामाघूम, शेजारी पायरीवर आंब्याची पेटी, आणि खाली बसून चपलेचा अंगठा सोडवत होते, तो निघत नव्हता. आम्ही दोघं दाराच्या आत किती वेळ उभे होतो सांगता येत नाही. मग तिने खालची कडी काढली, वरची मी काढली.