बिल्डला किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधावा? मदत हवी आहे

सर्व सदस्यांना नमस्कार. जळगावातील एका छोट्या कार्यालयात सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतील मोठ्या प्रकल्पाचे बिल्ड (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचे काम) मी सांभाळतो, आणि ‘अजून किती वेळ?’ या प्रश्नाला खात्रीचे उत्तर देता येत नाही.

निंजा (बिल्डमधली कामे चालवणारा प्रोग्रॅम) पडद्यावर झालेल्या आणि एकूण कामांची संख्या दाखवतो; मात्र साधी छोटी फाइल क्षणात कंपाइल होते (यंत्राच्या भाषेत बदलली जाते), टेम्प्लेटांनी (ज्यांवरून कंपायलर प्रत्यक्ष कोड तयार करतो अशा साच्यांनी) भरलेल्या एकाच फाइलला कधी मिनिटे लागतात, आणि मोजणीत दोन्हींचे वजन सारखेच धरले जाते. शेवटच्या लिंकिंगला (कंपाइल झालेले तुकडे जोडताना), विशेषतः एलटीओ (जोडतानाच संपूर्ण प्रोग्रॅम अधिक कार्यक्षम करण्याची सोय) सुरू असल्यास, आकडा जवळजवळ पूर्ण दिसतो आणि तिथेच ठाण मांडतो. सीकॅशमध्ये (आधी कंपाइल केलेल्या फाइलींचे निकाल साठवणाऱ्या साधनात) जुने निकाल सापडले तर काम झटक्यात उरकते, पण सगळीकडे समाविष्ट असलेल्या हेडरमधील (अनेक फाइलींना लागणाऱ्या सामाईक फाइलीतील) एक ओळ बदलली की बहुतेक प्रकल्प नव्याने कंपाइल करावा लागतो. समांतर कामे वाढवावीत, तर मेमरी अपुरी पडून स्वॅप (मेमरीतला डेटा संथ डिस्कवर हलवणे) सुरू होते. त्यात मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४ अंशांपुढे जातो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःच गती कमी करतो आणि हिवाळ्यातले मोजमाप निरुपयोगी ठरते. (पुण्याच्या सहकाऱ्यांना हे पटत नाही.)

निंजाच्या लॉगमध्ये प्रत्येक कामाची सुरुवात व शेवट मिलिसेकंदांत नोंदलेला असतो. त्यावरून एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी काढून अंदाज बांधावा, असा विचार आहे. हे कोणी करून पाहिले आहे का? कॅशमधून मिळणाऱ्या फाइलींचा हिशेब आधीच कसा धरावा?