मदत हवी आहे: तोंडी हिशेब चोख, वहीवर मात्र गाडी अडते (घरी शिकणारा मुलगा, वय साडेआठ)

नमस्कार. मुलगा साडेआठ वर्षांचा आहे. दुसरीनंतर शाळा थांबवली, आता घरीच शिकतो. आम्ही साताऱ्यात राहतो. घरशाळा योग्य की अयोग्य यावर आधीच भरपूर धागे आहेत, तेव्हा तो विषय इथे नको, ही विनंती.

अडचण अशी आहे. कॅरम खेळताना काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास असे चौघांचेही गुण तो डोक्यात ठेवतो. आजोबांनी स्वतःला एक सोंगटी जास्त मोजली की लगेच पकडतो. वाण्याकडे पाचशेची नोट दिली तर किती परत यायला हवेत, हे दुकानदाराच्या आधी सांगतो. पण 'सदतीस लिही' म्हटलं की आधी ७ काढतो आणि मग ३ कुठे टाकायचा यावर अडतो. कधी ३७, कधी ७३. एकोणसाठ म्हटलं तर हमखास ६९. भाषेतही तसंच. गोष्ट रंगवून सांगतो, पण लिहिताना 'पर्वत'चं 'पवर्त' होतं, वेलांट्या गळतात, आणि दोन ओळींनंतर पेन्सिलीला टोक करायला उठतो तो परत येतच नाही.

इंटरनेटवर एक प्रश्नावली भरली, तिने निकाल दिला की मुलगा 'कायनेस्थेटिक' आहे, म्हणजे शरीराच्या हालचालीतून शिकणारा. म्हणून वाळूत अक्षरं गिरवणं, फरशीवर चौकोन आखून उड्या मारत पाढे म्हणणं, असं सगळं चालू केलं. पाढे बारापर्यंत पाठ झाले. लिहिणं होतं तिथेच आहे.

सासूबाईंचं म्हणणं, रोज एक पान शुद्धलेखन, दुसरा उपाय नाही. नवरा म्हणतो सोडून दे, आपोआप येईल. मला दोन्ही पटत नाही. लिखाण बाजूला ठेवून तिसरीचं गणित तोंडीच पुढे नेऊ का? नेलं तर पुढे परीक्षेच्या वेळी काय? ज्यांनी असं मूल घरी शिकवलं आहे त्यांनी कृपया सांगा.

पाटीपेन्सिल:
ताई, आधी ते लेबल काढून ठेवा. डोळ्यांनी शिकणारा, कानांनी शिकणारा, हातांनी शिकणारा अशी वर्गवारी करून त्या पद्धतीने शिकवलं तर मूल जास्त शिकतं का, याची चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली नीट छाननी केली होती. दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. मुलाला उड्या आवडतात हे खरं, त्या जरूर मारू द्या. पण लिहिणं अडलंय ते उड्या कमी पडल्या म्हणून नाही.

तुमचा मुलगा सदतीस ऐकतो तेव्हा त्याच्या कानावर आधी सात पडतो, मग तीस. तो ऐकलं तसं लिहितोय! कानडीत 'इप्पत्तैदु' म्हणताना आधी वीस येतात, मग पाच. आपल्याकडे उलट. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? थट्टा खूप झाली, पण त्यामागची अडचण हीच होती. तुम्ही घरी शिकवताय, तुम्हाला कोण अडवतंय? काही दिवस दोन्ही म्हणा: 'तीस सात, सदतीस'.

आणि पुठ्ठ्याची कार्डं करा. १० ते ९० दशकांची लांब, १ ते ९ एककांची त्यांच्या निम्म्या रुंदीची. ३०च्या कार्डावर शून्य झाकेल असं ७चं कार्ड ठेवायचं, की ३७ तयार. लिहायच्या आधी कार्डं लावायची. एकोणचं प्रकरण वेगळं. तिथे 'साठला एक कमी' म्हणत साठपासून एक पाऊल मागे यायचं. फरशीवरचे चौकोन इथे कामाला येतील.

आमसूल:
गणिताचं वर आलंच आहे, मी मराठीबद्दल लिहिते. मी प्राथमिकला वीसेक वर्षं शिकवलं. 'पवर्त' लिहिणारी मुलं दर वर्गात असतात. रफार बोलताना 'व'च्या आधी येतो आणि लिहिताना 'व' काढून झाल्यावर त्याच्या डोक्यावर बसतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलटं: 'कि' म्हणताना आधी क, पण कागदावर वेलांटी डावीकडे. मुलाला हे कुणी उलगडून सांगितलेलं नसतं, फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगतात. एक पानभर शुद्धलेखनाने तो चुकीचंच पानभर लिहील, सासूबाईंना नाराज न करता सांगा.

त्याऐवजी एका आठवड्यात एकच गाठ सोडवायची. रफाराचा आठवडा असेल तर शब्द टाळी देऊन तोडायचा: पर्‌ – वत, सूर्‌ – य. पहिल्या टाळीत अडकलेला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो, एवढंच. दिवसाला पाच शब्द, त्याहून एकही जास्त नाही. प्र, ट्र, ऱ्या हे र चे बाकीचे अवतार नंतर. सगळे एकदम काढलेत तर सुटलेली गाठ पुन्हा बसेल.

तोंडी पुढे जा, बिनधास्त. गणित लिखाणासाठी अडवून ठेवू नका. फक्त लिहिण्याचं निमित्त असं शोधा की डोकं पुरणार नाही. कॅरमचे गुण त्याच्या लक्षात राहतात, मग तो का लिहील? महिनाभराची स्पर्धा लावा, रोजचे गुण मांडायचं काम त्याच्याकडे. कालपरवाचे आकडे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, आजोबांच्या तर सोयीने राहत नाहीत. गोष्ट तो सांगेल, तुम्ही उतरवून घ्या, तो वाचेल, आणि त्यातली आवडलेली एक ओळ स्वतः लिहील.

उंबरठा:
वरचं सगळं करा, पण तीन-चार महिन्यांत काही हललं नाही तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडतं ती अडचण) तपासणी करून घ्या. वय साधारण आठ झालं की ती नीट होऊ शकते. घाबरायचं कारण नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल एकटा पुरत नाही.

धागाकर्ती:
सर्वांचे खूप आभार. रफाराचं असं कधी कुणी सांगितलंच नव्हतं, मलाही नाही. कार्डं आजच कापते. तपासणीचं नाव काढलं की घरात वादळ होईल, पण दिवाळीपर्यंत बघून तेही करू. परीक्षेबद्दल कुणी सांगेल का? नवऱ्याची खरी काळजी तीच आहे.

पाटीपेन्सिल:
शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी आहे, त्यात घरशाळेचा थेट उल्लेख नाही. उद्या वाटलं तर वयानुसार त्या इयत्तेत शाळेत प्रवेश मागता येतो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे: वय चौदा पूर्ण हवं, पाच विषय, मराठी माध्यम मिळतं, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षं एकेक विषय सोडवता येतात. तुमच्या मुलासारख्यांना हे 'एकेक विषय' प्रकरण फार सोयीचं पडतं. राज्य मंडळातून द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात. दुसरीनंतर काढलंत तेव्हा घेतला होता का? नसेल तर शाळेत सगळे ओळखीचे आहेत तोवर जाऊन घेऊन या.