भिगवणची बदकं: सगळे फोटो सॉफ्ट येताहेत, मदत हवी आहे

भीमाकाठ: परवाच्या रविवारी भिगवणजवळ, उजनी धरणाच्या काठी कुंभारगावला जाऊन आलो. साडेआठशे फोटो काढले, एकही धड नाही. थापट्या, तलवार बदकं, चक्रवाक, सगळ्यांची पिसं म्हणजे नुसता रंगाचा लगदा. शटर १/१६०० सेकंद होतं, तेव्हा हात हलला असं कृपया सांगू नका. लेन्स विकून टाकू का? येत्या रविवारी परत जायचंय, जरा लवकर सांगा.

खंड्या: लेन्स कोणती? बोटीतून की काठावरून? पक्षी किती लांब होते आणि वाजले किती होते?

रानवाट: विचारायचं काय त्यात, बॅक फोकस आहे, म्हणजे फोकस पक्ष्याच्या मागे लागतोय. माझं दोन वर्षं असंच चाललं होतं. बॉडी आणि लेन्स दोन्ही कॅलिब्रेट करून घ्या.

भीमाकाठ: १५०-६०० मिमीची झूम, कायम ६००वर. बोटीतून. लांब म्हणजे जवळ जाऊच देत नाहीत हो, उडतात. वेळेचा काय संबंध?

खंड्या: वेळेचाच संबंध आहे. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते. साठ-सत्तर मीटरवरचं बदक त्या थरथरत्या हवेतून टिपलं की लेन्स कितीही भारी असो, पिसं येत नाहीत. शटर वाढवूनही उपयोग नाही.

सडा_आणि_पठार: ते एप्रिल-मेमध्ये. डिसेंबरात कुडकुडत बसतो आपण बोटीत, कसली थरथर?

खंड्या: हवा गरम असावी लागत नाही, पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की झालं. थंडीत पहाटे उजनीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून तर वाफा निघताना दिसतात. पलीकडच्या काठावरचं वाळकं झाड मोठं करून स्क्रीनवर बघा. फांद्या वळवळत असतील तर लांबचे फोटो काढूच नका.

रानवाट: दर वेळी हवेवर ढकलायचं आणि लेन्स तपासायचीच नाही, हे मला पटत नाही.

खंड्या: तपासा की! घरी दहा मीटरवर वर्तमानपत्र टांगून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

गोदाआजोबा: नांदूर मधमेश्वरला जा. २०२० साली रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. मनोऱ्यावर शांत बसता येतं, गडवाल आणि तरंग ही बदकं भरपूर.

सडा_आणि_पठार: बघायला उत्तम, पण मनोऱ्यावरून बदकाची पाठच येते. फोटो बदकाच्या डोळ्याच्या उंचीवरून हवा. बोटीच्या काठावर बीनबॅग ठेवून जितकं खाली वाकता येईल तितकं वाका.

परदेशी_पाखरू: इथे इंग्लंडात स्लिमब्रिजला पाणथळीलगत आडोसे बांधलेत, आत बसलं की थापट्या हातभर अंतरावर चरतो. चोचीच्या कडेच्या कंगव्यातून पाणी गाळताना दिसतं. हिवाळ्यात आलात तर नक्की जा.

चिलापीवाला: भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आलेत का? आणि मासे कुठे चांगले मिळतात?

सडा_आणि_पठार: रोहितांसाठी वेगळा धागा आहे. चिलापी कुंभारगावातच खा, बोटवाल्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

भीमाकाठ: मासे राहू द्या हो! अजून एक, थापट्याच्या नराचं डोकं काळंच येतंय, हिरवं येत नाही.

खंड्या: ऊन तुमच्या पाठीशी नव्हतं. ती हिरवी चमक प्रकाश ठरावीक कोनातून आला तरच दिसते. पोहोचलात किती वाजता, हे अजून सांगितलं नाहीत.

भीमाकाठ: पुण्याहून निघायला उशीर झाला. पावणेआठला बोट, पण पहिला अर्धा तास काठाजवळ वारकरीच (ते काळे, पांढऱ्या चोचीचे पाणपक्षी) होते. खरे फोटो साडेनऊनंतरचे, साडेअकरापर्यंत.

खंड्या: त्या वारकऱ्यांचे फोटो आहेत का? एक टाका.

पाणकोंबडी: बोटवाल्याला थव्यावर बोट घालायला सांगितलं होतं का? सगळा थवा एकदम उठतो. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, इथे चार दाणे खाऊन ताकद भरायची त्यांना, आणि आपण दर दहा मिनिटांनी उठवतो. फार जीव तुटतो बघताना. इंजिन बंद करून बांबूने ढकलत न्या आणि वीस मिनिटं थांबा, बदकं आपणहून सरकत येतात.

भीमाकाठ: सांगितलं होतं. परत नाही सांगणार. वर्तमानपत्र टांगून बघितलं, जाहिरातीतली बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात. आणि हा वारकरी, ७:५२चा, असेल पंधरा मीटरवर. हटवायलाच निघालो होतो. लाल डोळा, पांढऱ्या चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब, मानेवरचं पीस न् पीस दिसतंय.

रानवाट: लेन्स ठीक आहे. कॅलिब्रेशनचं मागे घेतो.

खंड्या: रविवारी साडेसहाला काठावर हजर राहा. नऊनंतर फक्त वीस-पंचवीस मीटरच्या आतलं टिपा.

भीमाकाठ: पहाटे साडेतीनला हडपसरहून निघतोय. बोटीत दोन जागा आहेत, कोण येतंय?

पाणकोंबडी: मी. इंजिन बंद ठेवणार असाल तरच.