वादळ जमिनीवर येऊन कमकुवत झालं, आता पुढे ते कुठे चाललंय हे बघायचं कसं?

मांजराकाठची (सध्या ऐरोली)
२७ सप्टेंबर २०२१, संध्याकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. गुलाब चक्रीवादळ काल रात्री कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्याला धडकेपर्यंत सगळी चॅनल दर दहा मिनिटांनी ते गोल फिरणारं चित्र दाखवत होती, आज सकाळपासून मात्र "वादळाचा जोर ओसरला" एवढी एक पट्टी खालून सरकते आणि बस. जोर ओसरला म्हणजे ते गेलं कुठे? माझे पप्पा गावी एकटे असतात, अंबाजोगाई तालुक्यात, मांजरा धरणाच्या खालच्या अंगाला, आणि शेत नदीला लागूनच आहे. सोयाबीन कापून झालंय, निम्म्याची बनीम (गंज) लावून वर ताडपत्री टाकलीय आणि निम्मं अजून रानात तसंच पसरलेलं आहे. फोन केला तर म्हणाले इथं नुसतं आभाळ आलंय, आंध्राचं वादळ आंध्रात, तू तिकडं जीव घाबरा करू नको.

मी दुपारपासून मोबाईलवर विंडी हे वाऱ्या-पावसाचे नकाशे दाखवणारं ॲप उघडून बसलेय. काल समुद्रात भोवरा स्वच्छ दिसत होता, आज नुसते सगळीकडे वाकडेतिकडे बाण, मध्य कुठे आहे तेच कळेना. कुणी जाणकार असेल तर सांगा, जमिनीवर आलेल्या वादळाचा माग कसा काढतात? आणि पप्पांना आज रात्रीच काही सांगायला हवं का?

नेरुळकर८४
रात्री ८:०५

ताई एवढं टेन्शन घेऊ नका. वादळाला ताकद समुद्रातून मिळते, जमिनीवर आलं की ते संपतंच. गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून, पाणी भरून, टॉर्च घेऊन बसलो होतो, शेवटी अलिबागकडून आत घुसलं आणि आमच्याकडे थोडी झाडं पडली, बाकी काही नाही. आणि हे तर पार तिकडच्या किनाऱ्याला धडकलंय, मध्ये अख्खा देश आहे.

कोलशेत खाडी
रात्री ९:२०

नेरुळकर, तुमच्याकडे थोडक्यात निभावलं हे खरं, पण निसर्ग जमिनीवर येऊन संपलं नव्हतं हो. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवून ते घाट चढून पुण्याकडे गेलं, तिथेही झाडं पाडली आणि मावळातली पॉलिहाऊस उडवली. माझ्या मावसभावाचं गुलाबाचं पॉलिहाऊस त्यातच गेलं, दुपारी मीच त्याला फोन करून म्हणालो होतो की आता किनाऱ्यावर आलंय, सुटलास. ते वाक्य मला अजून टोचतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पप्पांना आत्ता लगेच फोन करा. पसरलेलं सोयाबीन रात्रीतून जेवढं गोळा होईल तेवढं उंचवट्यावर न्यायला सांगा, मोटार आणि स्टार्टर नदीवरून काढून घ्यायला सांगा, जनावरं असतील तर गोठा नदीच्या बाजूला नको. का ते खाली लिहितो, पण आधी फोन.

आता माग काढायचं. मी २००९ च्या फयान वादळापासून नकाशावर टिंबं काढतो, माझा सगळ्यात जास्त विश्वास त्या टिंबांवर आहे. हवामान खात्याच्या बुलेटिनमध्ये दर वेळी केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात आणि गेल्या सहा तासांत ते कुठल्या दिशेला किती वेगाने सरकलं हेही असतं. ते आकडे मोबाईलच्या नकाशात टाकून पिन लावत जा. कलिंगपट्टणम साधारण १८.३ उत्तर, ८४.१ पूर्व. लातूर १८.४ उत्तर, ७६.५ पूर्व. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच रेषेत, आणि मधलं अंतर सुमारे ८०० किलोमीटर. ताशी २० च्या वेगाने धरलं तर ४० तास. काल रात्री ८ ला धडकलं, म्हणजे उद्या दुपारी ते तुमच्या पप्पांच्या अंगणापासून फार लांब नसेल. "पार तिकडच्या किनाऱ्याला" म्हणतो आपण, पण अंतर हे एवढंच आहे.

दुसरं, "कमकुवत" हा शब्द फक्त वाऱ्याबद्दल असतो. ताशी ६२ किमीच्या वर वारा असेल तर चक्रीवादळ, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ ला डिप्रेशन आणि त्याच्या खाली साधं कमी दाबाचं क्षेत्र. या पायऱ्यांमध्ये पावसाचा कुठेच उल्लेख नाही! समुद्राची वाफ तुटली आणि जमिनीचं घर्षण लागलं की वारा झपाट्याने पडतो, पण आत साठलेली ओल एका रात्रीत संपत नाही. त्यात आत्ता सप्टेंबर, मान्सून अजून परतलेला नाही, खालची जमीन ओलीचिंब आणि अरबी समुद्राकडून दमट वारं आत येतंय. मे महिन्यातलं वादळ कोरड्या जमिनीवर लवकर सुकतं, हे तसं नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. समुद्रावरच्या वादळात आपण डोळा शोधतो आणि डोळ्यापासून लांब असलो की सुटलो असं धरतो. पावसाळ्यात पश्चिमेकडे चाललेल्या डिप्रेशनचा सगळ्यात जोराचा पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो, म्हणजे जाण्याच्या दिशेच्या डाव्या हाताला, पुढच्या बाजूला. केंद्र विदर्भातून गेलं तरी मार मराठवाड्याला बसू शकतो. म्हणून नकाशावर पिन लावली की तिच्या खाली-डावीकडे बोट फिरवून बघायचं तिथे कोण येतंय ते.

विंडीत भोवरा दिसत नाही कारण तुम्ही जमिनीलगतचा वारा बघताय, डोंगर-टेकड्यांमध्ये तो विस्कटतो. उजवीकडे उंचीची पट्टी आहे ती ८५० एचपीए (हवेच्या दाबाचं माप) वर न्या, म्हणजे साधारण दीड किलोमीटर वर, तिथे भोवरा अजून स्वच्छ दिसेल. आणि संगणकावर अंदाज काढणारी युरोपियन मॉडेल, अमेरिकन मॉडेल दोन्ही आलटून पालटून बघा. केंद्राच्या जागेत फरक पडेल, पावसाच्या आकड्यात तर खूपच पडेल, तेव्हा एका मॉडेलचा एक आकडा धरून बसू नका. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या नोंदींवर या मॉडेलचे मोठे रन (नवी गणितं) होतात, पण ते आपल्याला दिसायला सहा-सात तास जातात, म्हणजे आत्ता ९ वाजता तुम्ही जे बघताय ते सकाळचंच आहे.

मांजराकाठची
रात्री ९:५५

फोन केला दादा. आधी ऐकेनात, मग मी नकाशातलं ४० तासांचं गणित सांगितलं तेव्हा गप्प झाले. शेजारच्या काकांना घेऊन ट्रॅक्टर काढलाय. खूप आभार, मला हातपाय गळाल्यासारखं झालं होतं. एक विचारू, रडारवर बघू का? मुंबईचं रडार उघडलं तर मराठवाड्यावर काहीच दिसत नाहीये, म्हणजे पाऊस नाही असं समजायचं का?

कोलशेत खाडी
रात्री १०:१५

अजिबात समजू नका! कुलाब्याचं रडार आपल्यासाठी, ठाणे-पालघर-रायगडसाठी उत्तम. पण पुढे सह्याद्री आडवा येतो आणि शिवाय पृथ्वी गोल आहे, किरण सरळ जातो तसा तो जमिनीपासून वर वर जात राहतो. हैदराबादचं रडार तुम्हाला जवळचं, पण तेही लातूरपासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर, तिथपर्यंत किरण पाच-एक किलोमीटर उंच गेलेला असतो, खालचा पाऊस त्याच्या नजरेतून सुटतो. सध्या, २०२१ मध्ये, मराठवाड्याच्या मधोमध हवामान खात्याचं रडार नाही, आणि दर वर्षी अशा वेळी ते जाणवतं. शेतकऱ्यांचा एवढा मोठा पट्टा, तिथे हवंच होतं.

म्हणून तिकडे इनसॅट उपग्रहाचं चित्र बघायचं. रात्री इन्फ्रारेड बघा, साधं चित्र अंधारात काळं येतं. इन्फ्रारेडमध्ये पांढरं म्हणजे थंड आणि उंच ढग. पण पातळ उंच ढगही पांढरे दिसतात आणि त्यातून थेंब पडत नाही, तेव्हा एका चित्रावर जाऊ नका, अर्ध्या अर्ध्या तासाची चार-पाच चित्रं ओळीने बघा. एकाच जागी नवे नवे गड्डे फुगत असतील, कडा ठळक असतील तर तिथे धो धो चालू आहे असं समजा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, ते पप्पांच्या फोनमध्ये असेल तर चांगलंच, रानात असताना उपयोगी पडेल.

परळी ते कळवा
रात्री ११:००

ताई मी तुमच्याच बाजूचा. ढगापेक्षा धरणाकडे लक्ष ठेवा असं सांगेन. सप्टेंबरअखेर धरणं भरत आलेली असतात, वरून पाणी आलं की साठवायला जागा नसते, आलं तसं खाली सोडावं लागतं. तुमच्याकडे एक थेंब न पडता नदी वाढू शकते, कारण पाऊस वर पाटोदा-केजकडे पडलेला असतो. तलाठी, पोलीस पाटील, ग्रामसेवक या तिघांपैकी एकाचा तरी नंबर जवळ ठेवा आणि धनेगावला, म्हणजे मांजरा धरणावर, किती दरवाजे उघडले, किती क्युसेक सोडलं हे विचारत राहा. आणि पप्पांना सांगा, नळकांडी पुलावरून पाणी जात असेल तर गुडघाभर असलं तरी ओलांडायचं नाही. गावाकडच्या माणसाला रोजची वाट असते, तो म्हणतो मला माहितीय कुठं पाय टाकायचा, पण खालचा रस्ता वाहून गेलेला वरून दिसत नाही.

मांजराकाठची
२८ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

सकाळपासून लिहायला जमलं नाही. रात्रभर पाऊस, पहाटे तर ओतत होता म्हणे. मांजरा धरणाचे १८ दरवाजे उघडले, नदीकाठचं रान सगळं पाण्याखाली गेलं. पप्पा काल मध्यरात्रीपर्यंत काकांबरोबर रानात होते, पसरलेल्यातलं बरंचसं शाळेजवळच्या माळावर आणून झाकलं, बाकीचं राहिलं ते गेलं. मोटार काढली होती. १० वाजल्यापासून फोन लागत नव्हता, माझं कामात लक्षच नव्हतं, दुपारी ३ ला काकांच्या मुलाच्या फोनवरून बोलले. आवाज ऐकला आणि मला रडूच आलं. सगळे शाळेत आहेत, ठीक आहेत. उमरखेडजवळ एसटी नाल्याच्या पुरात वाहून गेल्याची बातमी बघितली आणि परळीदादा तुमचं पुलाचं वाक्य आठवलं.

नेरुळकर८४
संध्याकाळी ७:१०

ताई, वडील सुखरूप आहेत वाचून फार बरं वाटलं. काल मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, माफ करा. माझं ऐकून तुम्ही फोन केला नसता तर काय झालं असतं, दिवसभर तेच डोक्यात होतं. आता हे आपल्याकडे येतंय का?

कोलशेत खाडी
रात्री ८:४०

येतंय, पश्चिमेकडेच सरकतंय. उत्तर कोकण आणि नाशिककडे जोराच्या पावसाचा इशारा आहे. एक लक्षात घ्या, कमी दाबाचं क्षेत्र एवढंच उरलं की वादळाचं वेगळं बुलेटिन बंद होतं, लोकांना वाटतं विषय संपला. तेव्हापासून कुलाब्याच्या प्रादेशिक केंद्राचे जिल्हावार इशारे आणि तीन तासांचे नाऊकास्ट (अगदी लगेचचे अंदाज) बघायचे. आपल्याकडे मी भरतीची वेळही शेजारी लिहून ठेवतो, जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की नाल्यांचं पाणी खाडीत उतरत नाही, कळवा, दिवा, कोलशेतच्या सखल भागात ते लगेच दिसतं.

पावसाचे आकडे वाचताना अजून एक. २४ तासांचा पाऊस सकाळी ८:३० ला मोजतात, म्हणजे २८ तारखेचा म्हणून छापलेला आकडा २७ च्या सकाळपासूनचा असतो. आज दिवसा पडलेलं उद्याच्या आकड्यात येईल. "एवढा पाऊस झाला आणि आकडा एवढाच कसा" असं पंचनाम्याच्या वेळी भांडण होतं ते बऱ्याचदा यामुळेच.

परळी ते कळवा
रात्री ९:३०

पंचनाम्याचा विषय निघालाच आहे तर ताई, पीक विमा भरला असेल तर यंदाच्या, २०२१ च्या, नियमाप्रमाणे नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, ॲपवरून किंवा टोल फ्री नंबरवर. कापून रानात वाळत टाकलेल्या पिकालाही यंदा १४ दिवसांपर्यंत संरक्षण आहे, चक्रीवादळाचा पाऊस त्यात धरलेला आहे. लोक म्हणतात पाणी ओसरू दे मग बघू, आणि तोवर मुदत जाते. शिवार पाण्यात असतानाचेच फोटो काढून ठेवा, गट नंबर तयार ठेवा, पप्पांना जमणार नसेल तर तुम्ही इथूनच तक्रार टाका. आणि महसूल मंडळात ६५ मिलीमीटरच्या वर पाऊस नोंदला असेल तर ती अतिवृष्टी धरतात, तलाठ्याला तो आकडा विचारा.

मांजराकाठची
१ ऑक्टोबर, रात्री ९:१०

तक्रार २९ तारखेलाच टाकली, फोटो काकांच्या मुलाने पाठवले. मी अजून टिंबं लावतेय, सवयच लागली. आपल्या डोक्यावरून गुजरातच्या बाजूने ते परत समुद्रात गेलं आणि आज शाहीन नावाचं चक्रीवादळ झालं म्हणे. हे तेच का? मग नाव का बदललं?

कोलशेत खाडी
रात्री ९:५०

तेच. गुलाब जमिनीवर पार डिप्रेशनच्याही खाली उतरलं होतं, म्हणून पुन्हा उभं राहिल्यावर यादीतलं पुढचं नाव दिलं. गुलाब हे पाकिस्तानने सुचवलेलं, शाहीन कतारने. २०१८ च्या नोव्हेंबरात गज वादळ तामिळनाडू ओलांडून अरबी समुद्रात उतरलं तेव्हा ते मधे एवढं खाली गेलं नव्हतं, म्हणून नाव गजच राहिलं. आता हे पश्चिमेकडे ओमानच्या बाजूला निघालंय. आपल्या कोळी बांधवांनी मात्र इशारा उठेपर्यंत उत्तरेकडे होड्या नेऊ नयेत. पप्पा कसे आहेत?

मांजराकाठची
रात्री १०:०५

घरी आलेत. घरात चिखल होता, तो काढला. आज ऊन पडलं म्हणून माळावरची बनीम उघडून बघितली, वरचा थर काळा पडलाय, शेंगांना मोड आलेत, पण हात आत घातला तर आतलं कोरडं आहे म्हणाले. रविवारी मळणीयंत्र मिळतंय. मी शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय.