गेमच्या ट्रेलरमध्ये किती दाखवायचं? सस्पेन्स फुटायला नको

लाटालहरी:
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र पीसीसाठी एक छोटा ॲडव्हेंचर गेम करतोय. कोकणातलं जुनं दीपगृह, तिथल्या रखवालदाराची मुलगी आणि ऐन पावसाळ्यात गायब झालेले तिचे बाबा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या नेक्स्ट फेस्टला (येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा महोत्सव) डेमो द्यायचाय, म्हणून ट्रेलर एडिट करायला घेतलाय. आमचा सगळ्यात देखणा सीन नेमका शेवटच्या भागात आहे. वादळात दिवा विझतो आणि वीज चमकली की खाली एक होडी दिसते. होडीत कोण, हेच सगळं रहस्य. तो सीन काढला तर ट्रेलर मिळमिळीत होतो, ठेवला तर घात. काय करावं?

कातरकाम:
होडी काढा, वादळ ठेवा. मी ट्रेलर एडिटिंगच करते, आणि हा पेच जवळपास प्रत्येक टीमचा असतो: सगळ्यात जास्त मेहनत शेवटावर घेतलेली असते, म्हणून तोच दाखवावासा वाटतो. बघणाऱ्याला मात्र दोनच गोष्टी हव्या असतात. यात मी काय करणार, आणि मला कशाचा छडा लावायचाय?

तुमची नायिका दिवसभर काय करते? भिंगावरची काजळी पुसते? भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी देते? मग पहिला शॉट तोच घ्या: फडकं काचेवरून फिरतं आणि पुसलेल्या पट्ट्यातून समुद्र दिसतो. लोगो वगैरे शेवटी. बाबांचा आवाज वापरणार असाल तर वाक्य अर्ध्यात तोडा. आणि आवाज बंद ठेवून एकदा बघाच, कारण स्टोअरवर बरेच जण तसंच बघतात.

आणखी एक, जे हमखास राहून जातं: अचिव्हमेंटची, म्हणजे गेममध्ये एखादा टप्पा गाठल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यांची नावं. ट्रेलर जपून केला आणि यादीत ‘बाबा सापडले’ लिहिलं, तर सगळं मुसळ केरात. कथा फोडणाऱ्या अचिव्हमेंट स्टीमवर लपवता येतात.

रात्रपाळी:
२०११ च्या ‘डेड आयलंड’चा पहिला ट्रेलर आठवतो का? हॉटेलच्या खिडकीतून पडणारी लहान मुलगी, उलटा चालणारा काळ, मागे पियानो. गेमच्या मुख्य कथेचा त्या कुटुंबाशी संबंध नाही, त्यामुळे काहीच फुटत नाही. मग तसा वेगळाच छोटा प्रसंग का करू नये?

कातरकाम:
तो ट्रेलर मलाही फार आवडतो. पण त्यातलं दुःख बघून जो गेम घेईल, त्याच्या हातात येते झोंबींची झोडपाझोडपी. रहस्य राखणं वेगळं आणि भलत्याच गेमची आशा लावणं वेगळं. दोन माणसांच्या टीमला तर ते परवडणारच नाही, कारण नाराज झालेला माणूस पहिल्याच दिवशी रिव्ह्यू लिहितो.

त्यापेक्षा पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ (२०२०) हा गेम बघा. असुर धाकट्या भावाला पळवतात आणि बहीण त्याच्या शोधात निघते. हे आधी कळलं म्हणून काही बिघडत नाही, कारण गेम तिथूनच सुरू होतो. सुरुवातीला जे घडतं ते बिनधास्त दाखवा.

गनिमी_कावा:
थोडा विरोध. ‘मेटल गिअर सॉलिड २’च्या (२००१) ट्रेलरमध्ये जिकडेतिकडे स्नेक, म्हणजे आधीच्या गेमचा नायक होता. प्रत्यक्षात टँकर जहाजावरचा सुरुवातीचा भाग संपला की रायडन हा नवाच नायक हाती येतो. कित्येक चाहते भडकले, पण माझ्या मते असा धक्का देण्याची हिंमत असावी.

कातरकाम:
तिथे धक्का कथेचाच भाग होता, आणि लोक स्नेकला आधीपासून ओळखत होते. यांच्या नायिकेला अजून कोणीच ओळखत नाही.

लाटालहरी:
पटलं. फडक्याचा शॉट पहिला घेतोय. वादळात दिवा विझतो तिथेच कट, वीज चमकायच्या आत. अचिव्हमेंटच्या यादीत ‘होडीतला माणूस’ खरंच होतं, आत्ताच लपवलं.

कातरकाम:
छान. स्क्रीनशॉटही तपासा, त्यात होडी राहिली असेल.