सवलत म्हणजे सूट नव्हे

'अपंग मुलांना वाढीव वेळ, प्रश्न वाचून दाखवणं अशा सवलती दिल्या की राज्याच्या परीक्षेला अर्थ काय उरतो' असं काही जण विचारतात. अमेरिकेतला अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९९७ च्या दुरुस्तीपासून अपंग मुलांना राज्यस्तरीय परीक्षांत सामील करून घेणं बंधनकारक आहे, लागतील त्या सवलतींसह. त्याआधी या मुलांना सर्रास वगळलं जायचं, म्हणजे त्यांना काय येतं ते कुणी मोजतच नव्हतं.

कुठली सवलत द्यायची ते पालक आणि शिक्षक मिळून मुलाच्या आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्यासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, ठरवतात. गणिताचा प्रश्न संगणकाने वाचून दाखवला तरी गणित मुलालाच सोडवायचं असतं. पण अक्षरवाचनच तपासायचं असेल तिथे उतारा वाचून दाखवला, तर परीक्षा कशाची घेतली? खरा वाद तिथे आहे, वाढीव वेळेत नाही. गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी पर्यायी परीक्षा असते. २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्याने ती देणाऱ्यांच्या संख्येवर राज्यातल्या एकूण परीक्षार्थींच्या १ टक्क्याची मर्यादा घातली.

आमचं घोडं भलतीकडेच अडलं होतं. मुलाच्या आयईपीत 'वाचून दाखवणे' लिहिलेलं, पण परीक्षेच्या प्रणालीत ती सोय कुणी चालूच केली नव्हती. पोरगा हेडफोन लावून पंधरा मिनिटं नुसता बसून! म्हणून सांगते, परीक्षेच्या दोन आठवडे आधी शाळेला ईमेल करा आणि सराव चाचणी त्याच सोयींसह करून घ्या. आमच्या पोराला तर आवाजाचा वेग कमी करता येतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं.