वीजबिल वाढतंय: तुमच्या घरात नक्की कशाने फरक पडला?

बिल हातात पडलं की आमच्याकडे पहिली धाड दिव्यांवर पडते. त्या खोलीत कोण होतं, दिवा कोणी चालू ठेवला, वगैरे. दिवे बिचारे हल्ली निर्दोष आहेत. ९ वॅटचा एलईडी बारा तास विसरला तरी एका युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा जळतो. २ किलोवॅटचा गीझर तेवढी वीज सव्वातीन मिनिटांत संपवतो. भांडायचंच तर निदान योग्य वस्तूवरून भांडावं.

म्हणून हे आवतण. ‘वापर नसताना बटण बंद करा’ छापाच्या सूचना सगळ्यांना पाठ आहेत, त्या नकोत. प्रत्यक्ष काय केलंत, मीटरवर काय दिसलं, काय वाया गेलं आणि घरातल्यांनी काय चालू दिलं नाही, ते लिहा.

माझं आधी सांगते; खाली * * * या खुणेनंतर बाकीच्यांची उत्तरं आहेत, त्यांच्याच शब्दांत. मी मीटरलाच धरलं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हे मीटरच्याच तोंडावर छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घरात कोणी नसताना दिवे-पंखे बंद केले, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत वाट पाहिली आणि सेकंदकाटा धरून समोर उभी राहिले. दर पंधरा सेकंदांनी एक लुकलुक. ३६०० ला आधी ३२०० ने आणि मग १५ ने भागलं की किलोवॅट मिळतात: ०.०७५, म्हणजे ७५ वॅट. कोणी काहीही वापरत नसताना! दिवसाला १.८ युनिट, महिन्याला ५४.

मग एकेक एमसीबी (घराच्या एकेका भागाची वीज तोडणारा स्विच) पाडत गेले आणि लुकलुक कुठे मंदावते ते पाहिलं. एक चोर हॉलमध्ये सापडला, सेट-टॉप बॉक्स. रिमोटने ‘बंद’ केला की तो नुसता दिव्याचा रंग बदलतो. वर हात ठेवा, कोमटच लागतो. दुसरा चोर इन्व्हर्टर. त्याची बॅटरी इतकी म्हातारी झाली होती की तिचं चार्जिंग कधी संपतच नव्हतं. सेट-टॉप बॉक्स आता भिंतीवरच्या बटणाने बंद होतो. सुरू व्हायला वेळ लागतो अशी चिरंजीवांची तक्रार आहे; लागू दे. राउटरला मात्र हात लावला नाही, घरात राहायचंय मला.

* * *

आमच्याकडे माणसं बरीच, त्यामुळे मुख्य खर्च अंघोळीच्या पाण्याचा. आधी हिशेब मांडला. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो, मग विजेचा साधा गीझर कुठलाही आणा. हे पाण्याचं गणित आहे, त्यात कोणतीच कंपनी सूट देऊ शकत नाही. आपल्या हातात तीनच गोष्टी राहतात: पाणी किती घ्यायचं, किती तापवायचं, आणि तापलेलं पाणी किती वेळ नुसतं पडू द्यायचं.

तिसऱ्या गोष्टीत आमची बरीच वीज जात होती. पहाटे गीझर लावायचा, पहिली अंघोळ तेव्हाच, दुसरी तासाभराने, शेवटची दुपारी. मध्ये टाकी गार होणार, पुन्हा तापणार. आता अंघोळी पाठोपाठ होतात. हे ऐकायला सोपं वाटतं, पण घरात याच्यावरून जेवढी खडाजंगी झाली तेवढी कशावरून झाली नव्हती. शेवटी ज्याला उशिरा अंघोळ करायचीय त्याने आपल्यापुरतं बादलीभर पाणी तापवून घ्यावं, यावर तह झाला.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारी कळ, ७५ अंशांवरून ६० वर आणला. त्याखाली नेला नाही, आणि कोणी नेऊ नये. साठवणीच्या टाकीत पाणी सतत कोमट राहिलं तर लिजिओनेला नावाचे, न्यूमोनिया करणारे जिवाणू वाढू शकतात.

एक गैरसमज जाता जाता. गीझरमधल्या पाणी तापवणाऱ्या कॉइलवर क्षार साचले की वीज खूप जास्त लागते, असं दुरुस्तीवाले सांगतात. अहो, कॉइल पाण्यात बुडालेली आहे, उष्णता जाऊन जाऊन जाणार कुठे? क्षारांमुळे कॉइल लवकर जळते हे खरं, म्हणून साफ करायची. बिल कमी व्हावं म्हणून नव्हे.

* * *

भिंतीत खोचायची ती ‘वीज वाचवणारी’ डबी कोणी आणली असेल तर उघडून बघा. बहुतेकींत एक छोटा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून परत देणारा भाग) आणि एक हिरवा दिवा निघतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (तारेतून येणाऱ्या विजेतला खरोखर कामी लागणारा हिस्सा) सुधारतो, पण घरगुती बिल सहसा किलोवॅट-तासावर, म्हणजे युनिटवर असतं, पॉवर फॅक्टरवर नाही. त्यामुळे तिथे काहीही वाचत नाही, उलट त्या हिरव्या दिव्याचे युनिट वाढतात. कारखान्यांचं गणित निराळं.

* * *

फ्रिजबद्दल लिहिते. दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावायचं आणि कागद ओढायचा. विनासायास सरकला तर रबर सैल. आमच्याकडे बाकी सगळीकडे कागद घट्ट होता, खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर आला. त्या कोपऱ्यातून बाहेरची दमट हवा आत शिरत होती, म्हणूनच फ्रीझरमध्ये बर्फाचे डोंगर. रबर गरम पाण्याच्या फडक्याने पुसून, मऊ करून थोडं बाहेर ओढलं तर पुन्हा बसलं. नाही बसलं तर नवं मिळतं, फार महाग नसतं.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. मागची जाळी आतली उष्णता बाहेर टाकते, तिला हवा नको? आमच्या जाळीवर धुळीची गोधडीच होती.

आणि एक नाजूक विषय. नवा फ्रिज आला की जुना ‘असू दे, जास्तीचं ठेवायला’ म्हणून मागच्या खोलीत जातो. आमचाही गेला होता. सासूबाईंचा जीव त्याच्यात. वाद घातला नाही. त्याला वेगळं युनिटमापक लावून दिलं आणि आकडा रोज त्यांनीच वहीत लिहायचा, एवढंच ठरलं. वही भरायच्या आधीच त्या म्हणाल्या, काढून टाक गं हा.

* * *

पंख्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा ३० च्या आसपास. बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे रोज अर्धा युनिट वाचतो. पण सगळे पंखे एकदम बदलायची काही गरज नाही. जो दिवसरात्र फिरतो तो बदला. पाहुण्यांच्या खोलीतला पैसे वसूल व्हायच्या आत गंजेल.

जुना मोठा खोक्यासारखा रेग्युलेटर असेल तर तो आधी काढा. पंखा हळू केला की उरलेली वीज तो स्वतः गरम होऊन उडवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये तसं होत नाही.

एसीबद्दल एवढंच, की १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. तापलेली खोली असताना कॉम्प्रेसर तसाही पूर्ण जोरात चालतो. १८ चा अर्थ इतकाच की तो थांबायचं नाव घेत नाही. आम्ही २६ आणि वर पंखा मंद. बायकोला पटलंय, मुलीला नाही. तिच्या खोलीचा रिमोट हरवला आहे असं मी सध्या सांगतो.

* * *

मी थंड मुलखात राहते, इथे उलटी गंमत. दुकानात तेलाचा हीटर, सिरॅमिक हीटर, इन्फ्रारेड हीटर, प्रत्येकावर ‘कमी विजेत जास्त ऊब’. विजेचा कोणताही साधा हीटर घ्या, एका युनिटची एकाच युनिटएवढी उष्णता होते. फरक एवढाच की इन्फ्रारेडवाला समोरच्या माणसाला तापवतो, बाकीचे आधी हवा तापवतात. हीट पंप तेवढा वेगळा: तो उष्णता बनवत नाही, बाहेरून आत ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

हीट पंप परवडेपर्यंत मी दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी लावली आणि पडदे अंधार पडायच्या आत ओढायला लागले. शिवाय वॉशिंग मशीन गार पाण्यावर. गरम पाण्याच्या धुलाईत बहुतेक वीज पाणी तापवायलाच जाते, ड्रम फिरवायला फार थोडी.

* * *

मीटरचा प्रयोग वाचून मीही केला. घरात काही सापडेना. पण पाण्याचा पंप सुरू झाला की मीटरचा दिवा पिसाटायचा, आणि पंप दिवसातून भलत्याच वेळी सुरू व्हायचा. म्हणजे वरची टाकी रिकामी होत होती. गळती कुठेच दिसत नव्हती. प्लंबरने फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकला आणि फ्लश न करता बसून राहिला. थोड्या वेळाने खालच्या भांड्यात रंग उतरला. खालचं रबर झिजून पाणी बारीक धारेने चोवीस तास वाहत होतं, इतकं गुपचूप की आवाजही नाही. पंप एक हॉर्सपॉवरचा, म्हणजे ७४६ वॅट. पंपाची कार्यक्षमता धरली तर मीटरवर त्याहून जास्त. एवढ्या मोटरला मी वरच्या टाकीतून थेट गटारात पाणी सोडायच्या कामाला लावलं होतं. वीज वाचवायला प्लंबर बोलवावा लागेल असं वाटलं नव्हतं.

* * *

एक वेगळा मुद्दा. घरात बिलाची चर्चा फार व्हायला लागली तेव्हा आमच्या आजीने भर उन्हाळ्यात दुपारी पंखा बंद करून बसायला सुरुवात केली. कोणाला सांगितलं नाही. वय झालेल्या माणसांना तहान आणि उकाडा दोन्ही उशिरा कळतं, आणि उष्माघात त्यांनाच लवकर होतो. पंख्याचे ७५ वॅट वाचवून दवाखाना गाठायचा का? आता तिच्या खोलीचा पंखा ‘फुकटातला’ आहे, असं तिला पटवून दिलंय. कृपया कोणी तिला बीएलडीसीचं सांगू नका, वेग कमी करून बसेल.

बाबांची तऱ्हा निराळी. ते सगळ्यांचे मोबाइल चार्जर घरभर फिरून काढतात. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ ते २० वॅट-तास मावतात. वर्षभर रोज पूर्ण चार्ज केला तरी दहा युनिटही होत नाहीत. नुसता खोचलेला चार्जर तर नगण्यच. पण त्यांचं चालणं होतं, म्हणून कोणी काही बोलत नाही.

* * *

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनीही लिहा की. फ्रिज घरमालकाचा, गीझर घरमालकाचा, बिल आमचं. मी फक्त एकच पाहिलं: आमच्याकडे दर टप्प्यांचा आहे, वापर वाढला की पुढच्या युनिटचा दर चढतो. त्यामुळे महिन्याच्या मध्यावर मीटर वाचते. टप्प्याच्या काठावर असलो तर इस्त्री बाहेर देते, ओव्हन लावत नाही. आपण नेहमी वरच्या, म्हणजे सगळ्यात महागड्या टप्प्यातले युनिट वाचवत असतो, हे लक्षात आल्यावर थोडे युनिटही मोलाचे वाटायला लागले. गीझरच्या थर्मोस्टॅटचं झाकण भाडेकरूने उघडलं तर चालतं का, की मालकाला विचारावं लागतं?